स्ट्रट बार बसवताना: टॉवरचं माप, मोकळी जागा आणि नट आवळण्याचा क्रम

बोनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंना, समोरच्या काचेच्या जवळ, पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतात. त्यांच्या माथ्यावर दोन किंवा तीन नट असतात आणि मधोमध बहुतेक वेळा एक रबरी टोपी. हे स्ट्रट टॉवर. पुढचा शॉकअप खालून येऊन इथेच बॉडीला बांधलेला असतो. या दोन टॉवरना एकमेकांशी जोडणारी आडवी दांडी म्हणजे स्ट्रट बार. काम दोन-अडीच तासांचं आहे, आणि त्यात पाना चालवण्याचा वेळ जेमतेम अर्धा तास. बाकी वेळ मोजण्यात आणि तपासण्यात गेला पाहिजे. तो वाचवायला गेलात तरी बार बसेल, पण टॉवर जिथे आहेत तिथे धरून ठेवण्याऐवजी तो त्यांना ओढायला किंवा ढकलायला लागेल. स्ट्रट बारच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

तुमच्या गाडीला तो हवा का?

अर्ल मॅकफर्सन यांनी फोर्डमध्ये असताना रूढ केलेली, १९५० च्या कॉन्सल आणि झेफर या मोटारींपासून जगभर पसरलेली सस्पेन्शनची मॅकफर्सन स्ट्रट ही रचना आज आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत पुढे असते. तिच्यात वरचा वेगळा आर्म नसतो. वळणावर टायरवर येणारा आडवा जोर खाली लोअर आर्म घेतो आणि वर थेट टॉवर. बॉडीचा पत्रा त्या जोराने किंचित वाकतो, टॉवर जागचा हलतो आणि चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना दिसणारा चाकाचा आत-बाहेरचा कल, क्षणभर बदलतो. बार असेल तर एका टॉवरवरचा जोर दोघांत वाटला जातो.

म्हणून बारचा उपयोग वळणावर होतो, किंवा एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तर होतो. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. बार बसवला की गाडी खड्ड्यांत कमी आदळेल, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या.

सोलापूरच्या आजूबाजूला काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचे आतले रस्ते लाटेसारखे होतात. डावी बाजू खचलेली, उजवी वर. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या आणखी वेगळ्या. अशा रस्त्यांवर बॉडीला पीळ बसतो आणि जुन्या गाडीत बार जाणवतो. रोजची धाव शहरातल्या शहरात, सात रस्ता ते होटगी रोड एवढीच असेल तर तो दिसायला छान दिसेल, इतकंच.

खरेदीआधी एक साधी चाचणी करा. सपाट जागी गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही टॉवरच्या सारख्याच नटांच्या मध्यांमधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजा. मग कंपनीने सांगितलेल्या जागी जॅक लावून पुढचा भाग उचला, स्टँड द्या आणि पुन्हा मोजा. टेपवर फरक दिसला तर टॉवर मोकळे आहेत आणि बारला काम मिळेल. काहीच दिसला नाही तर बॉडी तिथे आधीच ताठ आहे. अनेक नव्या गाड्यांत टॉवर काचेखालच्या आडव्या पत्र्याला वेल्डने घट्ट बांधलेले असतात, त्यांना बारने मिळणारा फायदा थोडाच.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या लॅडर चेसिसच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाड्यांचा इथे प्रश्नच येत नाही. आणि लोअर आर्मचे बुश फाटलेले, लिंक रॉड खडखडणारे, शॉकअप तेल गाळणारे असतील तर पैसे आधी तिकडे लावा. ढिल्या सस्पेन्शनवर बार म्हणजे ढिल्या चौकटीला नवा कोयंडा.

बार निवडताना

गाडीचं नाव सांगून बार मागवू नका. पिढी, वर्ष आणि इंजिन सांगा. एकट्या स्विफ्टच्या आपल्याकडे २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशा चार पिढ्या झाल्या. एकाच पिढीत पेट्रोल आणि डिझेल इंजिनांची उंची वेगळी असते, आणि पेट्रोलला मोकळा जाणारा बार डिझेलच्या कव्हरला टेकतो.

दांडी शक्य तितकी सरळ हवी. इंजिनवरून न्यायला दिलेला बाक जितका मोठा, तितकी ती जोर आल्यावर स्प्रिंगसारखी लवते. धातूचंही तसंच. ॲल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणून त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी हलकी असली तरी बरीच कमी ताठ. चांगले बनवणारे नळी जाड करून ती कसर भरून काढतात. बारीक, चकचकीत नळी दिसली तर हात आखडता घ्या. टोकाला बोल्टवर फिरणारा सांधा असेल तर तो बोल्ट भोकात अजिबात खुळखुळता कामा नये. अर्धा मि.मी. खेळ असला तरी बार नसल्यातच जमा.

सोलापुरात यंत्रमागांमुळे लेथ आणि फॅब्रिकेशनची चांगली कामं करणारे कारागीर अक्कलकोट रोड एमआयडीसीत भेटतात, त्यामुळे बार इथेच बनवून घेण्याचा मोह होतो. करता येतं. ब्रॅकेटला ४ ते ५ मि.मी. जाड माइल्ड स्टीलची पट्टी, दांडीला २५ मि.मी. बाहेरच्या व्यासाची आणि किमान २ मि.मी. जाडीची नळी. भोकांचा साचा आधी जाड पुठ्ठ्यावर टॉवरवर दाबून उतरवा. टॉवरमधून वर आलेल्या, नट बसतो त्या आट्यांच्या दांडीला खुंट म्हणतात; एम८, म्हणजे ८ मि.मी. जाडीच्या खुंटाला ८.५ ते ९ मि.मी. भोक पुरे. वेल्डिंग गाडीवर कधीही करायचं नाही, कारण तिथे इंजिनचा संगणक, वायरिंग आणि पेट्रोलची लाइन आहे. एका जाड प्लेटवर टॉवरच्या अंतराप्रमाणे बोल्ट उभे करून जिग बनवा, ब्रॅकेट त्यावर आवळा, मग वेल्ड मारा आणि थंड होईपर्यंत काढू नका. वेल्ड आकसतो, आणि जिग नसेल तर भोकं दोन-तीन मि.मी. सरकतात. तेवढ्यावर सगळं बिघडतं.

बॉडीला नवं भोक पाडायचं नाही, टॉवर कापायचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांपासून गाडी बदलण्यावर आहे. नुसता बोल्टने बसणारा, काढता येणारा बार त्या तपशिलांना हात लावत नाही, पण वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

हत्यारं

टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला हे आकड्यात सांगणारा पाना, लागेलच. १० ते ६० न्यूटन-मीटरपर्यंतचा लहान रेंच सर्वांत सोयीचा. मोठा, टायरच्या नटांसाठीचा रेंच खालच्या आकड्यांवर भरवशाचा नसतो. १२, १३, १४ आणि १७ च्या गोट्या, रॅचेट, एक्स्टेन्शन, टर्नबकलसाठी (फिरवून दांडीची लांबी कमी-जास्त करण्याची सोय) दोन सपाट पाने, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल, स्टीलची टेप, पांढरा मार्कर, आणि थोडी घट्ट मळलेली कणीक. ती कशाला, ते पुढे येईल.

नवे नट आणताना आटे तपासा. टॉवरवर एम८ असेल तर बहुधा १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मि.मी. मध्ये) मिळतो आणि अडचण येत नाही. एम१० मात्र जपानी धाटणीच्या गाड्यांत १.२५ पिचचा असतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज हाती येतो तो १.५ चा. तो दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो. पान्याने ढकलला की खुंटाचे आटे गेले. खुंट टॉप माउंटमध्ये, म्हणजे शॉकअपचा माथा बॉडीला धरणाऱ्या रबर-धातूच्या बैठकीत दाबून बसवलेला असतो, म्हणजे शॉकअप खाली काढून स्प्रिंग दाबून माउंट बदलण्याचं काम गळ्यात पडलं. नायलॉन कड असलेले नट एकदा उघडले की पुन्हा वापरू नका.

काम सुरू करण्याआधी

सकाळी करा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, दुपारी बोनेटखालचा पत्रा हाताला सोसत नाही, आणि इंजिन तर थंडच हवं. जागा सपाट असू द्या. घरासमोरची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती बांधलेली असते, तेव्हा गवंड्याची लेव्हल टेकवून बघा. स्टिअरिंग सरळ, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना उटी. टायरमधली हवा चारही बाजूंना बरोबर. डिकीतलं जड सामान काढून ठेवा.

जमलं तर आदल्या दिवशी अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद घ्या. नंतरच्या आकड्यांशी ताडायला दुसरा आधार नाही.

गाडी पूर्ण वेळ चाकांवरच उभी राहणार आहे. जॅक लावायचा नाही. चाक हवेत असताना टॉवरचे नट काढले तर शॉकअपचा माथा भोकातून खाली सरकतो आणि पुन्हा वर आणायला दोन माणसं लागतात. शिवाय वजन नसताना टॉवरमधलं अंतर वेगळं असतं. त्या अंतराला जुळवलेला बार गाडी खाली उतरताच ताणात जातो.

आता टॉवर साफ करा. धूळ ब्रशने झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, पाण्याचा फवारा नको. मग उजेडात नीट बघा. नटांच्या भोवती पत्र्याला केसासारखी चीर, जोडाच्या सीलंटला तडा, रंगाखाली फुगलेला गंज, टॉप माउंटचं रबर फुगलेलं किंवा एका बाजूला बसलेलं, यांपैकी काही असेल तर थांबा. चिरलेल्या टॉवरला बार आधार देत नाही, उलट दुसऱ्या बाजूचा जोर त्याच चिरेवर आणून टाकतो.

बसवणं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. टॉवरच्या मधोमध, रबरी टोपीखाली, एक मोठा नट असतो. तो शॉकअपच्या दांड्याचा नट आहे आणि दाबलेली स्प्रिंग त्याच्या जोरावर अडकलेली आहे. त्याला पाना लावायचा नाही. तो सुटला तर स्प्रिंग माणसाला गंभीर जखमी करू शकते. आपलं काम फक्त बाहेरच्या नटांशी. काही लहान गाड्यांत बाहेरचे नट नसतातच, वरून एकच मधला नट दिसतो. तशा गाडीचा बार घरी बसवू नका, स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्या.

बाहेरच्या नटांवर तेल सोडून पंधरा मिनिटं थांबा. माउंटची प्लेट आणि पत्रा यांच्यावर मार्करने एक आडवी रेघ मारा. काही गाड्यांत इथली भोकं लांबट असतात आणि माउंट दोन मि.मी. सरकला तरी कॅम्बर बदलतो. रेघ जुळली की माउंट जागेवर आहे हे कळतं.

एका वेळी एकच बाजू उघडा. रॅचेट हाताने, सावकाश. हवेची गन वापरू नका, गंजलेल्या नटाबरोबर खुंटच फिरू लागतो. नट निघाल्यावर खुंट ब्रशने साफ करून पुसून कोरडे करा, कारण तेलकट आट्यांवर टॉर्कचा आकडा तोच दाखवला तरी खुंटावरचा ताण बराच जास्त जातो.

ब्रॅकेट ठेवा आणि बोटाने चारही कडा चाचपा. तो पत्र्यावर सपाट बसला पाहिजे, एखाद्या जोडाच्या कडेवर डुगडुगता कामा नये. डुगडुगत असेल तर ब्रॅकेटची कड घासून घ्या. खाली वॉशर रचून उंची जुळवायची नाही. नटाखाली येणारी जागा ब्रॅकेटवर पावडर कोटिंगने झाकलेली असेल तर तेवढा रंग खरवडून धातू उघडा करा, आणि नट आवळून झाल्यावर उघड्या कडेवर ग्रीसचं बोट फिरवा. जाड रंग दाबाखाली हळूहळू पसरतो आणि महिनाभरात नट ढिला होतो. ढिल्या बारचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि नटाला दोष दिला जातो. नट हाताने लावल्यावर खुंटाचे किमान दोन आटे वर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ब्रॅकेट जाड आहे. तो बार तुमच्या गाडीचा नाही.

दुसरी बाजू तशीच. नट अजून हातानेच.

आता दांडी ठेवा. बोल्ट बोटाने सरकत आत गेला पाहिजे. हातोडी, पक्कड, दुसऱ्याने टॉवर ढकलून धरणं, यातलं काही लागलं तर लांबी चूक आहे. टर्नबकल असलेल्या बारमध्ये एका टोकाला उलटे आटे असतात, मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. दोन्ही बाजूंचे आटे सारखेच बाहेर राहतील असं बघा, आणि एम१२ ची दांडी किमान १८ मि.मी. आत असू द्या.

मोकळी जागा

नट आवळण्याआधी हे करायचं. कणकेचे बोराएवढे चार-पाच गोळे करून बारवर आणि ब्रॅकेटच्या उंच बोल्टवर चिकटवा, बोनेट सावकाश टेकवून लॉक करा, उघडा. दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. १० मि.मी. च्या खाली असेल तर बोनेट आदळताना टेकेल. ही जागा पादचाऱ्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे, बोनेटच्या पत्र्याला दबायला वाव हवा.

इंजिन स्थिर नसतं. आडव्या बसवलेल्या इंजिनचा माथा गिअर टाकताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना पुढे-मागे झुकतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सोबत्याला ॲक्सिलरेटर झटक्यात दाबायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. इंजिन, एअर फिल्टरचा पाइप आणि बार यांच्यात शांत अवस्थेत १५ ते २० मि.मी. अंतर हवं. जुन्या, बसलेल्या इंजिन माउंटिंगवर तेवढंही पुरत नाही.

बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल बारजवळ असेल तर त्यावर रबरी टोपी घट्ट बसवा, आणि काम करताना निगेटिव्ह आधी काढून ठेवा. बार बॉडीला जोडलेला असतो, टर्मिनलला टेकला की थेट शॉर्ट. ब्रेक ऑइलची बाटली उघडते का, ऑइलची कांडी निघते का, हेही आत्ताच बघा.

आवळण्याचा क्रम

सगळं हातघट्ट असताना पुढचा भाग दोन्ही हातांनी तीन-चार वेळा दाबून सोडा. उटी काढून गाडी एक मीटर पुढे-मागे ढकला, म्हणजे चाकांत अडकलेला आडवा ताण मोकळा होतो. पुन्हा उटी लावा. मार्करच्या रेघा जुळल्या आहेत का बघा.

आधी टॉवरचे नट. तीन असतील तर एकेक थोडा थोडा आवळत दोन टप्प्यांत न्या. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. अंदाज यावा म्हणून, एम८ ला साधारण २० ते २५ आणि एम१० ला ४० ते ५५ न्यूटन-मीटर असतो. आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये (kgf·m) दिला असेल तर ९.८ ने गुणा. 'अजून थोडा' म्हणून मनगटाचा जोर लावला की एम८ चा खुंट तुटतो.

मग दांडीची लांबी. टर्नबकल बोटांनी फिरवा. एका दिशेने फिरवताना जिथे हाताला पहिला विरोध लागतो ती जागा लक्षात ठेवा, उलट फिरवून दुसऱ्या बाजूचा विरोध शोधा. या दोन्हींचा मध्य म्हणजे बार ना ताणात ना दाबात. तिथेच थांबा. काहीजण अर्धा फेरा जास्त देऊन टॉवर बाहेर ढकलतात, कारण त्याने स्टिअरिंग लगेच कडक वाटतं. तो कॅम्बर बदलल्याचा परिणाम असतो, ताठपणाचा नव्हे, आणि त्यात टायर एका कडेने झिजतात. रस्त्यावरच्या गाडीला ताण देऊ नका.

शेवटी सांध्याचे बोल्ट, ते किमान ८.८ दर्जाचे (बोल्टच्या मजबुतीचा आकडा, माथ्यावर कोरलेला असतो) असू द्या, आणि मग टर्नबकलचे लॉकनट. लॉकनट आवळताना मधली नळी दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर आत्ताच जुळवलेली लांबी सरकते. प्रत्येक नटावर आणि खुंटावर मिळून मार्करची एक रेघ ओढा. पुढे नट हलला तर ती तुटलेली दिसेल.

सुरुवातीला नटांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं होतं, ते पुन्हा मोजा. १ मि.मी. पेक्षा जास्त फरक असेल तर दांडी ढिली करून लांबी परत शोधा.

रस्त्यावर

आधी गल्लीत, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग वळवून. मग एक-दोन स्पीडब्रेकर तिरके, एका वेळी एकच चाक चढेल असे. त्यानंतर तुळजापूरच्या घाटाची वळणं नेहमीच्याच वेगाने. फरक असेल तो वळणात शिरताना स्टिअरिंगच्या पहिल्या प्रतिसादात जाणवेल. पकड टायर देतात, बार देत नाही, म्हणून वळणाचा वेग वाढवू नका.

आवाज आला तर तो कुठला हे वेळेवरून कळतं. तिरक्या स्पीडब्रेकरवर 'कट्' असा एकच आवाज असेल तर सांध्याच्या बोल्टमध्ये खेळ आहे किंवा ब्रॅकेट सपाट बसलेला नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर येत असेल तर टॉप माउंटचं बेअरिंग, आणि ते बहुधा आधीपासूनच झिजलेलं होतं. उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना डॅशबोर्डात थरथर जाणवली तर दांडी वायपरच्या प्लास्टिकला किंवा एअर फिल्टरच्या पाइपला टेकते आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मार्करची रेघ बघा, माउंट सरकला आहे.

१०० कि.मी. नंतर आणि पुन्हा ५०० कि.मी. नंतर, थंड इंजिनवर, सगळ्या नटांना टॉर्क रेंच लावा. पहिल्या वेळी थोडा फेरा मिळणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या वेळीही मिळाला तर नटाखालचा रंग तपासा. अलाइनमेंटचा दुसरा कागद याच सुमारास घ्या.

मागच्या बारबद्दल थोडंच. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई असते, चाकाचा कोन बीम ठरवतो, शॉकअपचा माथा नव्हे. त्यामुळे मागचा बार डिकीची जागा जास्त खातो आणि देतो कमी. आधी पुढचा बसवून हजारभर कि.मी. चालवा, मग ठरवा.

एक तोटाही माहीत असू द्या. पुढच्या एका कोपऱ्याला जोराची धडक बसली तर बार तो धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत नेऊ शकतो. अशी धडक झाल्यावर न धडकलेल्या बाजूचं मापही घ्यायला सांगा.

सर्व्हिसला गाडी देताना कामगाराला स्पष्ट सांगा, आणि जॉब कार्डावर लिहून घ्या: बार काढायचा तर गाडी लिफ्टवर चढवण्याआधी, आणि बसवायचा तर खाली उतरवल्यावर. लिफ्टवर चाकं लोंबत असताना टॉवरमधलं अंतर बदललेलं असतं, बोल्ट अडकतो, तो ठोकून काढला जातो आणि भोक मोठं होतं. टर्नबकलला हात लावायची गरज नाही, सांध्याचे दोन बोल्ट काढले की दांडी वर येते. गाडी परत घेताना बोनेट उघडून रेघा बघा आणि मगच सही करा.